रानात केलेल्या खुणा परत घेऊन या : शिकारी मित्रांना खुले पत्र

शिकारी मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये आणि इतर पब्लिक लँडवर, म्हणजे सार्वजनिक जमिनीवर, तुम्ही हंगामात हरणाच्या, एल्क या मोठ्या हरणाच्या, टर्कीच्या मागावर जाता. मी त्याच रानांत चालायला जाते. माझ्या हातात बंदूक किंवा धनुष्य नसतं, पण शरद ऋतूत, शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून, नारिंगी जॅकेट घातल्याशिवाय मी गाडीतून उतरत नाही आणि हंगामाच्या तारखा मला तुमच्याइतक्याच पाठ असतात. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहीजण हंटर एज्युकेशनचा कोर्स करून, लायसन्स काढून शिकारीला जाऊ लागली आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलंबाळं याच रानांत तंबू टाकायला, हायकिंगला जातात. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे.

विषय आहे तुम्ही रानात मागे सोडता त्या वाटेच्या खुणांचा. फांद्यांना बांधलेल्या गुलाबी-नारिंगी प्लॅस्टिकच्या फिती, टॉर्चच्या उजेडात चमकाव्यात म्हणून खोडात टोचलेल्या टाचण्या, स्प्रेच्या रंगाचे ठिपके, कुऱ्हाडीने सोललेली साल, आणि मचाणापर्यंत झुडपं छाटून मोकळी केलेली वाट. माझी मागणी एवढीच आहे की जी खूण तुम्ही स्वतः परत काढून नेणार नाही, ती करू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र शिकारीच्या विरोधात नाही. १९३७ साली झालेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. जिथे मी फुकट चालते त्यातल्या कितीतरी जमिनी तुमच्या लायसन्सच्या आणि कराच्या पैशातून राखल्या गेल्या आहेत. रानात सर्वात शांतपणे वावरणारी, वाऱ्याची दिशा पाहून पाऊल टाकणारी माणसं म्हणजे चांगले शिकारी, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यामुळेच ही तक्रार तुमच्याकडे आणावीशी वाटते. ज्यांना रान कळतं त्यांच्याशीच हे बोलता येईल.

तुम्ही खुणा का करता तेही मला समजतं. उजाडायच्या आधी, मिट्ट काळोखात, काटक्या न मोडता मचाणापर्यंत पोहोचायचं असतं. दिवसा ओळखीचा वाटणारा उतार रात्री अनोळखी होतो. संध्याकाळी शेवटच्या उजेडात बाण सुटतो, हरीण पळतं, आणि मग टॉर्चच्या प्रकाशात पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत जावं लागतं. तेव्हा शेवटचा थेंब कुठे दिसला ती जागा दाखवणारी खूण हवीच, नाहीतर जखमी जनावर रानात तडफडत राहतं. म्हातारा सोबती बरोबर असेल, पहिल्यांदा आलेला पोरगा असेल, तर त्यांच्यासाठी वाट दाखवून ठेवावीशी वाटणारच. या गरजा खऱ्या आहेत आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. गरज एका पहाटेची किंवा एका रात्रीची असते आणि खूण मात्र वर्षानुवर्षं तिथे राहते, माझं भांडण याच्याशी आहे.

सार्वजनिक रानात खूण कधीच एकट्याची राहत नाही. तिथे आधीपासूनच अनेकांच्या खुणा आहेत, आणि त्यातल्या काहींवर माणसांचे जीव अवलंबून आहेत. तुमच्यातले बरेच जण दुकानातून सर्वात ठसठशीत दिसणारी गडद गुलाबी फीत उचलतात. वणवा विझवणाऱ्या पथकांसाठी तोच गडद गुलाबी रंग देशभर ठरलेला आहे. आगीने दिशा बदलली तर कुठून बाहेर पडायचं आणि सुरक्षित जागा कुठे, हे ते त्या फितीने दाखवतात. पिवळ्यावर काळे तिरपे पट्टे असलेली फीत म्हणजे इथे धोका आहे, उदाहरणार्थ कधीही कोसळेल असं जळकं झाड. आता विचार करा : धुराने डोळे चुरचुरत असताना वीस-बावीस वर्षांची एक मुलगी गुलाबी फितीमागून पळते आहे, आणि त्यातल्या चार फिती दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मचाणाकडे जायला बांधलेल्या आहेत. पथकं दक्षता घेतात, आपल्या फितींवर अक्षरं छापून आणतात, हे मला माहीत आहे. पण धुरात अक्षरं वाचत बसायला वेळ असतो का?

जांभळ्या रंगाची गोष्ट वेगळीच. टेक्सासमध्ये १९९७ पासून झाडावरचा जांभळा उभा पट्टा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने 'आत येऊ नका' अशी पाटीच आहे. पट्टा किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर, आणि झाडीच्या जमिनीत दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० फुटांहून जास्त नको, इतकं सगळं त्यात ठरवून दिलं आहे. इतरही अनेक राज्यांत जांभळ्या रंगाला असाच अर्थ आहे. पब्लिक लँडच्या मधोमध एखाद्याने उरलेल्या जांभळ्या स्प्रेने आपली वाट रंगवली, तर नकाशा हातात असलेला माणूससुद्धा थबकतो, कुणाच्या खाजगी जमिनीत तर शिरलो नाही ना म्हणून मागे वळतो. सगळ्यांची असलेली जमीन अशी एका डब्यातल्या रंगाने काही लोकांपुरती बंद होते.

कुऱ्हाडीने साल सोलून केलेल्या खुणेचा अर्थ तर याहूनही जुना आहे. सरकारी मोजणीची रेषा दाखवायला सर्व्हेयर झाडांवर अशाच खुणा करत आले. जमिनीच्या कोपऱ्याची साक्ष देणाऱ्या झाडाला 'विटनेस ट्री' म्हणतात, साक्षीचं झाड. तसं झाड किंवा मोजणीच्या रेषेवरचं खूण केलेलं झाड जाणूनबुजून तोडलं तर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा संघराज्याचा कायदा आहे. लाकूडतोडीसाठी कोणतं झाड पाडायचं, कोणतं राखायचं, तोडीची हद्द कुठे, हे वनखातं रंगाने लिहून ठेवतं. अॅपलाचियन ट्रेलवर जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे २,१९० मैल एकच पांढरा पट्टा तुम्हाला नेतो, २ इंच रुंद आणि ६ इंच उंच. बाजूच्या वाटांना निळा. एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे. स्वयंसेवक उन्हाळ्यात ब्रश आणि डबे घेऊन ते पट्टे पुन्हा रंगवतात, कारण चालणारे त्यावर भरवसा ठेवतात. बेपत्ता माणसाला शोधणारी पथकं कुठला भाग पाहून झाला ते फितींनी दाखवतात. वनस्पतींचा अभ्यास करणारे विद्यार्थी आपले चौकोन फितींनी आखतात. या गर्दीत तुमची फीत बोलत नाही असं समजू नका. ती काहीतरी सांगतेच, फक्त चुकीच्या माणसाला आणि चुकीचं.

मी ज्या रानात वारंवार जाते तिथे ओढ्याच्या काठाने चढणारी एक धार आहे. तिथे एकाच उतारावर तीन वेगवेगळ्या हंगामांच्या फिती लोंबताना दिसतात. एक कोरी करकरीत, एक विटून पांढुरकी झालेली, एक चिंध्या होऊन वाऱ्यावर फडफडणारी. तिन्ही वेगळ्या दिशांना जातात. एक वाट तर एका कड्याच्या टोकाशी संपते, जिथे पूर्वी कधीतरी मचाण असावं, कारण खोडावर अजून पट्ट्याचा वळ आहे. एका संध्याकाळी मला तिथे एक कुटुंब भेटलं. दोन लहान मुलं बरोबर, पाणी संपलेलं. मुलं मोठ्या उत्साहाने 'इथे अजून एक!' म्हणत फिती शोधत पुढे पळत होती आणि आईवडिलांना वाटत होतं की हाच ट्रेल आहे. आम्ही मिळून परत मुख्य वाटेवर आलो, वाईट काही झालं नाही. पण फीत म्हणजे वाट, हे त्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून ती चालली. वाट दाखवणाऱ्या खुणेवर विश्वास ठेवणं ही माणसाची इतकी जुनी सवय आहे की तिच्याशी असा खेळ होऊ नये.

आता झाडांबद्दल. चमकत्या टाचण्या लहान असतात, हे मान्य. पण टाचणीवरून खिळा, खिळ्यावरून मचाणाला चढायच्या स्क्रूच्या पायऱ्या, असं ते वाढत जातं. झाड जाड होत जातं तसा खिळा सालीच्या आत गिळला जातो. खिळ्याची जमिनीपासूनची उंची तीच राहते, आणि काही वर्षांनी बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तिथे करवत चालते. १९८७ साली कॅलिफोर्नियात क्लोव्हरडेलच्या लाकूड गिरणीत खिळा असलेला ओंडका आला, करवतीचा पट्टा फुटला आणि कामगार भयंकर जखमी झाला. तो खिळा कुणा शिकाऱ्याचा नव्हता, मुद्दाम ठोकलेला होता. पण खिळा कशासाठी ठोकला होता याने करवतीला काहीच फरक पडत नाही. मिशिगनसारख्या राज्यांत सार्वजनिक जमिनीवर सालीच्या आतल्या जिवंत थराला भेदणारी कोणतीही वस्तू मचाणासाठी वापरायला म्हणूनच मनाई आहे.

आणि कुऱ्हाडीची जखम. तुमच्यापैकी बरेच जण जागा हेरायला वसंतात आणि उन्हाळ्यात जाता, तेव्हाच वाटाही छाटता. मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत ओकच्या झाडांना 'ओक विल्ट' नावाचा बुरशीचा रोग होतो. ताज्या जखमेतून झिरपणाऱ्या रसाकडे बारीक भुंगे येतात आणि ते बुरशीचे बीजाणू घेऊन येतात. रेड ओक गटातलं झाड लागण झाली की काही आठवड्यांत वाळून जातं, आणि मग मुळांतून मुळांत रोग शेजारच्या ओकांकडे सरकतो. म्हणून तिथे एप्रिल ते जुलै ओक छाटू नका असं सांगतात. ज्या ओकची फळं खायला हरणं येतात, ज्याच्या भरवशावर तुम्ही मचाण बांधता, त्याच ओकवर तुम्ही वाटेची खूण म्हणून घाव घालता आहात.

तुमच्या स्वतःच्या फायद्याचंही बोलू. फितींची रांग तुम्हाला मचाणाकडे नेते तशी ती दुसऱ्या शिकाऱ्यालाही नेते. वर्षभर पायपीट करून, हरणांनी शिंगं घासलेल्या झाडांवरून, विष्ठेवरून, पाण्याकडे जाणाऱ्या पावलांवरून तुम्ही जी जागा शोधली, ती पहिल्याच शनिवारी कुणीतरी आयती पटकावतो. काहीजण तर फीत बांधतात ती 'ही जागा माझी' असं सांगायलाच. पब्लिक लँडवर जागा राखून ठेवता येत नाही, जो आधी पोहोचला तो बसला, हे तुम्हालाही माहीत आहे. निळी फीत बांधणाऱ्यांना आणखी एक सांगते : पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. नारिंगी आणि लाल त्याला आपल्यासारखे उठून दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे खूण केलेली रेषा वाट बनते. आधी तुम्ही चालता, मग चार जण, मग कुणीतरी झुडपं छाटतं, मग एखाद्याची एटीव्ही, म्हणजे रानात चालणारी छोटी चारचाकी, तिथून जाते आणि पावसाचं पाणी त्या चाकोरीतून धावू लागतं. ऑरेगनमधल्या स्टार्की प्रायोगिक वनात एल्कच्या गळ्यात कॉलर बांधून हेच तपासलं गेलं आहे. एटीव्ही असो, सायकल असो, घोडा असो वा पायी चालणारा, माणसांची ये-जा सुरू झाली की एल्क त्या वाटांपासून दूर राहतात. यात आम्ही चालणारेही आलो, आम्ही काही सोवळे नाही. पण अधिकृत ट्रेल कुठून न्यायचा हे ठरवताना कुणीतरी उतार, पाणी, विणीची जागा पाहिलेली असते. तुमच्या फितींच्या वाटेला असा कुणाचाच विचार नसतो. ज्या शांत कोपऱ्यासाठी तुम्ही मुख्य वाट सोडून आत गेलात, तो कोपरा तुमच्याच खुणेने शांत राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण कायद्याच्या भीतीने तुम्ही ऐकावं अशी माझी इच्छा नाही. राष्ट्रीय वनांत जिथे परवानगी लागते तिथे ती न घेता वाट तयार करणं किंवा बांधकाम ठेवणं, आणि झाडाला इजा करणं, या दोन्ही गोष्टींना संघराज्याच्या नियमांनी मनाई आहे. राज्यांच्या जमिनींचे नियम वेगवेगळे असतात. काही ठिकाणी मचाणावर नाव-पत्ता लिहावा लागतो, काही ठिकाणी मचाण रोज उतरवावं लागतं. निघण्यापूर्वी त्या जागेचे नियम वाचा, एवढं पुरे.

मग काळोखात मचाण शोधायचं कसं? मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून हातातल्या यंत्राला काही मीटरच्या आत जागा दाखवता येते. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसलं तरी चालतं. रेषा फोनमध्ये आखा, ती रानात कुणालाच दिसत नाही. बॅटरी संपेल म्हणाल, तर होकायंत्र जवळ ठेवा आणि दिवसाउजेडी एकदा चालून बघताना ओढ्याचं वळण, धारेचा माथा, वठलेलं झाड या जागच्याच खुणा डोक्यात ठेवा. तुमच्या आधीच्या शिकाऱ्यांना एवढ्यावर रान पाठ असायचं आणि तुमच्यातले जाणते अजूनही तसेच चालतात.

तरीही खूण लागणारच असेल, तर काढता येईल अशी लावा. कपडे वाळत घालायच्या चिमट्याला चमकती पट्टी चिकटवून तो फांदीला लावायचा, ही युक्ती तुमच्यातल्याच, माझ्या ओळखीच्या एका शिकाऱ्याने मला दाखवली. जाताना लावायचे, परतताना एकेक काढून खिशात टाकायचे. निघताना मोजून घेतले की एकही मागे राहत नाही. रक्ताचा माग काढताना टिश्यू पेपरचे तुकडे वापरले तर पावसात विरघळून जातात. फीतच हवी असेल तर लाकडाच्या सेल्युलोजची विघटन होणारी मिळते. नेहमीची प्लॅस्टिकची फीत कुजत नाही, उन्हाने कडक होऊन तिचे तुकडे पडतात आणि ते मातीत जातात. पण सेल्युलोजच्या फितीलाही विरायला वेळ लागतो, तेव्हा कुजणारी आहे म्हणून सोडून येऊ नका. आणि प्रत्येक फितीवर पक्क्या शाईने आपलं नाव आणि तारीख लिहा. तारीख असली की ही खूण आजची की तीन वर्षांपूर्वीची, हे येणाऱ्याला कळतं. नाव लिहायची तयारी नसेल, तर ती खूण करायचीच का, याचा विचार करा.

इथे माझ्या बाजूच्या, म्हणजे चालणाऱ्या मंडळींनाही सांगायला हवं. दिसली फीत की उपटायची, असं करू नका. ती आग विझवणाऱ्यांची असू शकते, शोधपथकाची असू शकते, कुणाच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाची असू शकते. त्या क्षणी जखमी हरणामागे कुणी टॉर्च घेऊन फिरत असेल आणि ती त्याची असेल. अडचण वाटली तर फोटो आणि जागा घेऊन रेंजर ऑफिसला, म्हणजे वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाला, कळवा. रागाने काढलेल्या फितींमुळे शिकारी आणि हायकर यांच्यात जी कटुता वाढते आहे, ती मला फितींपेक्षा जास्त अस्वस्थ करते. राष्ट्रीय वनांची जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्याच्या दुसऱ्या जमीन खात्याकडे आणखी साधारण २४ कोटी ५० लाख एकर. इतक्या मोठ्या घरात दोन चुलत भावांनी एका खुंटीवरून भांडावं, तसं हे चाललं आहे.

हंटर एज्युकेशन शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे : बंदूक कशी धरायची, कुंपण कसं ओलांडायचं, नारिंगी कपडे का घालायचे, हे तुम्ही उत्तम शिकवता. त्यात अर्धा तास खुणांसाठी द्या. गुलाबी फीत कुणाची, जांभळा पट्टा कशाचा, सोललेली साल काय सांगते, हे नव्या शिकाऱ्याला पहिल्या हंगामाआधी कळू द्या. शिकारी क्लबांनी हंगाम संपल्यानंतरचा एक रविवार ठरवावा आणि आपापल्या भागातल्या जुन्या फिती, मोडके चिमटे, गंजलेले खिळे काढून आणावेत. कोणती फीत कोणाची हे रेंजर ऑफिसला आधी विचारून घ्या, म्हणजे चुकून दुसऱ्याची जाणार नाही. आम्ही हायकर मंडळी बरोबर येऊ. पिशव्या आणि पक्कड आमच्याकडून, खिळा सालीत कुठे दडला आहे ते ओळखणारी नजर तुमच्याकडून. मी ज्या ओढ्याकाठच्या धारेबद्दल लिहिलं, तिथून सुरुवात करायला मी तयार आहे. तारीख तुम्ही ठरवा, फक्त शिकारीचा हंगाम बंद झाल्यावरची ठरवा.

कळावे,

तुमच्याच रानात चालणारी एक वाटसरू